इथं काय पाहून राहिल्या?

नागपुरात पायी चालणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे दोनच अंदाज असतात. गाडी बंद पडली असेल, नाही तर डॉक्टरनं चालायला सांगितलं असेल. त्यातून ती बाई असली आणि महाल या जुन्या वस्तीतल्या एखाद्या बोळात कोणाच्या तरी वाड्याच्या सज्जाकडे मान वर करून उभी असली, की तिसरा अंदाज निघतो: भाड्यानं खोली पाहत असेल. ओट्यावर बसलेलं कोणीतरी विचारतंच.

"मॅडम, कोणाकडे जाचं आहे तुमाले?"

"कोणाकडे नाही काका."

"मंग इथं काय पाहून राहिल्या?"

खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून मी "असंच" म्हणते. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो. इथं काही नाही पाहाले, फुटाळ्याला जा, दीक्षाभूमीला जा, संध्याकाळी तेलंगखेडीला जा. सल्ला देणारा ज्या ओट्यावर बसलेला असतो, तो ओटा बहुतेक वेळा त्याच्या पणजोबाच्या काळातला असतो. हे सांगितलं तर तो ओट्याकडे असं पाहतो, जणू आत्ताच कोणी आणून ठेवलाय.

"इथं काही नाही" हे नागपूरकराचं आवडतं वाक्य आहे आणि ते अगदीच खोटं नाही. भोसल्यांचा राजवाडा जळून गेला. ज्या गिरणीच्या भोंग्यावर निम्मं शहर घड्याळ लावायचं ती गिरणी पाडली गेली. राजधानीचा मान 1956 मध्ये गेला आणि वर्षातून एकदा हिवाळी अधिवेशनाच्या रूपानं पाहुण्यासारखा येऊ लागला. पुण्यात वाडा पडला तर निदान हळहळ छापून येते, आमच्याकडे पार्किंगची सोय होते. पण शहर विसरलंय असं मात्र मला वाटत नाही. शहराला बरंच आठवतं, फक्त ते एका अंगाला झुकलेलं असतं. कोणाचा खांब उभारायचा, कोणावरून नुसतं पुढं निघून जायचं आणि कोणाला दरवर्षी जाळायचं, याचे निवाडे इथं कधीचे होऊन गेलेत. कोर्टात नाही, रस्त्यावरच. मी चालते ती हे निवाडे तपासायला.

आधी शहराच्या वयाचंच घ्या. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला काही खेडी एकत्र करून हे शहर वसवलं, हे शाळेत शिकवतात. म्हणजे तीनशे वर्षं. पण काटोल रस्त्यानं थोडं बाहेर पडलं की जुनापाणी लागतं. तिथल्या माळावर दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत, सुमारे 300. ही लोहयुगातली दफनं. 1867 साली रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांतली काही उकरली, तेव्हा लोखंडी हत्यारं निघाली. त्याच वर्षी नागपुरात पहिली आगगाडी पोचली होती. एकीकडे नवं लोखंड येत होतं, दुसरीकडे जुनं बाहेर निघत होतं. जाणार असाल तर सकाळी जा, ऊन तिरपं असताना, कारण काही काळ्या दगडांवर ओळीनं कोरलेले छोटे वाटोळे खड्डे आहेत आणि ते डोक्यावरच्या उन्हात दिसतच नाहीत. बोटाचं टोक अलगद बसेल एवढाच एकेक खड्डा. कोणीतरी एकाच दगडावर इतका वेळ ठोकत बसलं होतं आणि दोन खड्ड्यांमधलं अंतरही त्यानं मनाशी धरलं होतं. तिथं शेळ्या चारणाऱ्या पोरानं मलाही तेच विचारलं, काय पाहून राहिल्या म्हणून. मी खड्डे दाखवले. त्यानं बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "हे तं आमाले मालूमच होतं."

शहरात परत येऊ. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला झिरो माईल दाखवायची रीत आहे. वालुकाश्माचा खांब, सोबत चार घोडे, भोवती कठडा, आणि आता त्या नावाचं मेट्रो स्टेशनही. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याची ही खूण 1907 सालची. दगडावर जबलपूर, हैदराबाद, चांदा अशा गावांची अंतरं कोरली आहेत आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही: 1020.171 फूट. हा देशाचा मध्यबिंदू, असं आपण पाहुण्याला छाती फुगवून सांगतो. फाळणीनंतरच्या भारताचा मध्य मात्र मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाजवळ धरतात. आमच्या एका नातेवाइकाला मी हे सांगितलं, तर ते दिवसभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मध्य कुठं का असेना, माझं लक्ष त्या आकड्यावर असतं. फुटाचा हजारावा भाग! दगड किती उंचीवर उभा आहे याची एवढी नेमकी नोंद. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी, एका दिवसात 114 माणसं मेली, तो आकडा नागपुरात जन्मलेल्या पंचविशीतल्या दहा पोरांना विचारून पाहा.

23 नोव्हेंबर 1994. अधिवेशन सुरू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गोवारी म्हणजे गावची गुरं राखणारे, दिवाळीत गायगोधनाला ढाल नाचवणारे लोक. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून ते आले, बायकामुलांना घेऊन आले, भाकरी बांधून आले. मागणी एकच, आम्हाला अनुसूचित जमातीत धरा. सरकारी यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं आहे. त्या दोन शब्दांत स्वल्पविराम हवा होता की नाही, ही एक जमात की दोन, असा तो वाद. दिवसभर माणसं रस्त्यावर बसून होती, सरकारकडून कोणी भेटायला येईल याची वाट पाहत. संध्याकाळी गर्दी हलली, पोलिसांचे कठडे होते, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. मेलेल्यांत बहुतेक बाया आणि लेकरं. पुढच्या वर्षी समाजाला विशेष मागास प्रवर्गात टाकलं गेलं. 2018 मध्ये नागपूर खंडपीठानं जमातीचा दावा मान्य केला, डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. स्वल्पविराम जिथं होता तिथंच, म्हणजे कुठंच नाही.

स्मारक आहे. उड्डाणपुलालाही शहीद गोवारींचं नाव दिलंय. पण त्या पुलावरून रोज जाणारी माझ्या ओळखीची एक पोरगी गोवारी हे कोणा पुढाऱ्याचं आडनाव समजत होती. तिचा दोष नाही. पुलावरून गाडी भरधाव जाते आणि स्मारक खाली राहतं. 23 नोव्हेंबरला सकाळी तिथं उभं राहिलं तर मात्र खेड्यांतून आलेल्या बाया दिसतात. त्या फुलं वाहतात, थोडा वेळ सावलीत बसतात, डबे सोडतात. एकीनं मला बाजूला सरकून जागा दिली आणि ठेचा पुढं केला. ती कोणाची कोण, हे मी विचारलं नाही. ती मात्र म्हणाली, "तुमचं कोन गेलं होतं?" माझं कोणी गेलं नव्हतं. तरी बसा म्हणाली.

हा भाग तसा जुनाच रणांगणाचा. सीताबर्डीच्या दोन टेकड्या, मोठी आणि छोटी, आणि त्यांच्या पश्चिमेला इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सची रेसिडेन्सी. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं तोफा डागल्या. रात्रभर चाललं. सकाळी अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली, तेव्हा इंग्रज जवळजवळ संपलेच होते. दुपारपर्यंत घोडदळाच्या हल्ल्यानं पारडं फिरलं. डिसेंबरात सक्करदऱ्याच्या बाजूला दुसरी लढाई झाली आणि राज्य नावापुरतं उरलं. टेकडीवरचा किल्ला नंतरचा, तो आता लष्कराकडे आहे आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा दिवशी लोकांना उघडतो. लोक रांगा लावून जातात, तोफेपाशी फोटो काढतात. चांगलंच आहे. फक्त एवढंच की नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात त्याच जागेजवळ मेलेल्यांच्या नावानं रांग लागत नाही.

टेकडी उतरून रेल्वेच्या अंगानं चाललं की एम्प्रेस मिलची जागा येते. तिथं आता मॉल आहे. जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये कंपनी काढली आणि 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू केली. म्हणून नाव एम्प्रेस. जागा होती जुम्मा तलावाकाठची दलदल. ती भरून काढायला पैसे हवे होते, तेव्हा इथल्या एका सावकारानं, हा माणूस सोनं मातीत घालतोय, म्हणून हात आखडता घेतला. गिरणी भरभराटीला आल्यावर तोच म्हणाला, यानं माती घातली आणि सोनं काढलं. ही गोष्ट टाटांच्या प्रत्येक चरित्रात येते. येऊ दे. बेझनजी मेहता या रेल्वेतून आणलेल्या व्यवस्थापकाचं नाव बेझनबागेत राहिलं, तेही ठीक. पण त्याच गिरण्यांच्या मजुरांमध्ये काम करणारे, पाचपावलीचे किसन फागुजी बनसोडे यांनी 1918 मध्ये 'मजूर पत्रिका' काढली होती. त्याआधी 'निराश्रित हिंद नागरिक' आणि 'विटाळ विध्वंसक'. अस्पृश्य समाजातला माणूस, पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून वर्तमानपत्रं काढतो, ती बंद पडतात, हा पुन्हा काढतो. मॉलच्या फूडकोर्टात बसून हे आठवलं की चव जाते असं काही नाही. मी तिथं इडली खाल्लेली आहे. पण फिरत्या जिन्याशेजारी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला विचारलं, तर तो म्हणाला, माझे वडील इथंच होते, सूतखात्यात. तो रोज त्याच जागी पाळीवर येतो, फक्त खातं वेगळं. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की पुढं काय विचारावं ते मला सुचलं नाही.

पायी चालण्याचं कौतुक करताना मला जाईबाई चौधरींची आठवण येते आणि जरा ओशाळायला होतं. माझं चालणं हौसेचं. जाईबाई 1892 च्या, महार समाजातल्या. नागपूर आणि कामठीच्या दरम्यान त्या हमाली करायच्या, डोक्यावर ओझं घेऊन. कामठी म्हणजे छावणी, 1821 पासूनची, तिथं साहेबलोकांचं सामान सतत जायचं-यायचं. त्या रस्त्यावर एका मिशनरी बाईंनी त्यांना हेरलं आणि त्यांचं थोडंफार शिक्षण पाहून शाळेत शिकवायला घेतलं. तिथं सवर्ण पालकांनी गिल्ला केला, अस्पृश्य बाई आमच्या मुलांना नको. नोकरी गेली. मग त्यांनी स्वतःच मुलींची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावानं, 1922 च्या सुमारास. 1942 च्या जुलैत मोहन पार्कात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित परिषद भरली, तेव्हा महिलांची वेगळी परिषदही झाली. तिच्या मागं ज्या नागपूरकर बाया उभ्या होत्या, त्यांत जाईबाई होत्या. 1956 च्या 14 ऑक्टोबरला जे घडलं ते जगाला माहीत आहे. ते घडण्याआधी तीस-पस्तीस वर्षं या शहरात पाट्या-पेन्सिलींचं जे काम चाललं होतं, त्याची एखादी खूण कामठी रोडवर असावी असं मला फार वाटतं. सध्या त्या रस्त्यावर मेट्रोचा दुमजली पूल आहे. इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं बघण्यासारखा आहे, हे मी मान्य करते.

जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गांधीसागर, एकाच पाण्याची तीन नावं. बख्त बुलंदचा वारस चांद सुलतान यानं हा तलाव बांधला आणि शहराला तटबंदी घातली. तटाचा जुम्मा दरवाजा अजून उभा आहे, त्याला आता गांधी गेट म्हणतात. त्याच्या आत शिरलं की गोंडांचा जुना किल्ला जवळच आहे, म्हणजे जे काही उरलंय ते. गंमत ही की, 1743 च्या आसपास रघूजी भोसल्यांनी राज्य हातात घेतलं, पण गोंड राजाला हाकललं नाही. त्याला तनखा दिला, राजा ही पदवी ठेवली, आणि भोसल्यांच्या घराण्यात गादीवर बसणाऱ्याच्या कपाळी टिळा लावायचा मान त्याच्याकडेच राहू दिला. ज्याचं राज्य घेतलं त्याच्याच बोटानं राजा व्हायचं! हा प्रसंग कोणी चित्रात काढलेला माझ्या पाहण्यात नाही. मला तो दरवाज्यापाशी उभं राहिलं की दिसतो: नवा राजा मान खाली करून, आणि जुना राजा अंगठ्याला कुंकू लावून, दोघांनाही मनातून माहीत असलेली गोष्ट न बोलता. सिव्हिल लाइन्सकडे बख्त बुलंद शाहचा पुतळा उभारलाय, त्यालाही फार वर्षं झाली नाहीत. तोवर शहर वसवणाऱ्याच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातली एक ओळ होती.

आता महाल. इथं मी सगळ्यात जास्त रेंगाळते. चिटणीस पार्कापासून कोतवालीकडे गेलं की नगारखाना दिसतो. भोसल्यांच्या काळ्या दगडी राजवाड्यातला हाच तुकडा उरलाय. राजवाडा 1864 मध्ये जळाला. खाली स्कुटरी, हातगाड्या, तारांची जाळी, आणि वर जिथं सनई-चौघडा वाजायचा तो मजला. लाकडी खांबांच्या तळाशी हात लावून पाहिला तर नक्षीच्या खोबणीत रंगाचे थर साचलेले लागतात, नखानं खरवडले तर आधी ऑइलपेंट, मग चुना, मग काळसर लाकूड. (खरवडू नका. मी एकदाच केलंय.)

या राजवाड्याशी एका म्हातारीची गोष्ट जोडलेली आहे. दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई. 11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघूजी वारले, मुलगा नव्हता. डलहौसीनं 1854 मध्ये राज्य खालसा केलं. त्या वेळी वाड्यात सगळ्यात थोर वयानं बाकाबाईच. दत्तक मंजूर करा म्हणून अर्ज गेले, दाद मागायची खटपट थेट लंडनपर्यंत झाली. उपयोग शून्य. मग सरकारनं भोसल्यांच्या चीजवस्तूंना हात घातला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात काढले. दागिने कलकत्त्याच्या बाजारात पाठवले. वाड्यातलं सामान उचलायला माणसं आली, तेव्हा ही सत्तरी ओलांडलेली बाई म्हणाली की सामानाला हात लावाल तर मी वाडाच पेटवून देईन. हे आपल्याकडच्या कोणा अभिमानी लेखकानं नाही, जॉन के या इंग्रज इतिहासकारानं नोंदवलंय. सामान गेलंच. वाडा दहा वर्षांनी जळाला, तेव्हा ती हयात नव्हती.

आता दुसरी बाजू. 1857 च्या जूनमध्ये टाकळीच्या छावणीतल्या, इंग्रजांच्याच नोकरीतल्या घोडदळानं उठायचं ठरवलं होतं, इशारा म्हणून शहरातून आगीचे फुगे सोडायचा बेत होता. बेत फुटला, काही जणांना फाशी झाली. त्या काळात बाकाबाईनं आपल्या लोकांना बजावलं की इंग्रजाच्या विरुद्ध जाऊ नका. जिनं तीन वर्षांपूर्वी वाडा जाळायची भाषा केली होती तिनंच. का? घराण्याचा दत्तक मान्य व्हावा, उरलंसुरलं वाचावं, असा हिशेब असेल. दोन लढाया हरलेलं घर तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मला तरी त्यात गद्दारी दिसत नाही. दिसते ती एका घरकरणीची कंजुषी, जी पैशात नाही, माणसांत करायची असते.

पण शहरानं निवाडा दिला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर कागद, कापड, रंग, आणि असा उंच पुतळा की तारा वर उचलायला काठीवाली पोरं पुढं ठेवावी लागतात. इतवारीच्या अरुंद रस्त्यांतून तो डोलत निघतो. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते, तिची पूजा करतात, बाया लेकरांना तिच्या पायाशी टेकवतात. काळी मात्र शिव्या खाते. नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते तेव्हा गर्दीत जमिनीवर पाय ठेवायला जागा नसते. "खासी, खोकला, ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि मागून बडगे, म्हणजे पुरुष पुतळे, त्या त्या वर्षीचे खलनायक. महागाई, भ्रष्टाचार, कोरोना, अमुक पुढारी, तमुक देश. त्यांच्या गळ्यात पाट्या, पाट्यांवर यमक जुळवलेल्या ओळी. शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. देशात असलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही आणि मला ते मनापासून आवडतं. लोकांना वर्षातून एक दिवस मोठमोठ्यानं शिव्या देता आल्याच पाहिजेत.

फक्त काळी मारबत म्हणजे बाकाबाई, असं लोक सांगतात. इंग्रजांना मिळालेली, घर बुडवणारी म्हातारी. म्हणजे लढाई हरणारे अप्पासाहेब सुटले, राज्य गिळणारा डलहौसी सुटला, जेन्किन्स सुटला, लिलावात बोली लावणारे शेठसावकार तर सुटलेच सुटले. राहिली कोण, तर घरातली विधवा. हे मला नवं नाही. घराचं वाटोळं झालं की ते कोणत्या बाईमुळं झालं हे शोधायची पद्धत आमच्या आळीतही आहे.

एका मारबतीला मी इतवारीत एका दुकानाच्या पायरीवर उभी होते. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा, नातू खांद्यावर. काळी समोरून गेली तसे ते नातवाला म्हणाले, "हे पाय, बाकाबाई. इंग्रजाले मिळाली होती." मला राहवलं नाही. मी म्हटलं, आजोबा, मिळाली वगैरे ठीक आहे, पण तिनं इंग्रजाला वाडा जाळायची धमकी दिली होती. ढोलांच्या आवाजात त्यांना अर्धंच ऐकू आलं.

"वाडा तिनं जाळला?"

"नाही हो! जाळीन म्हणाली, सामान उचलायला आले तेव्हा."

"मंग चांगलीच होती म्हना ना." थोडं थांबून म्हणाले, "पन सत्तावन्नात?"

सत्तावन्न त्यांना माहीत होतं. मी सांगितलं जे सांगता येईल ते. फुगे, टाकळी, फाशी, दत्तक. त्यांनी नातवाला खाली उतरवलं, कारण खांदा दुखायला लागला होता, आणि मंडळातल्या एका तरुण पोराला हाक मारली. "इकडं ये बे. या मॅडम काय म्हनून राहिल्या आईक." त्या पोरानं घाम पुसत ऐकून घेतलं. डोकं हलवलं. मला वाटलं म्हणेल, शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा आहे, तुम्ही कोण. तो म्हणाला, "मारबत तं बदलनार नाही मॅडम. पन पुढल्या वर्षी डलहौसीचा बडग्या करू. तुमी पाटीचं लिहून द्या. दोनच ओळी, यमक पाह्यजे. आन् मॅडम, शिवी असन तं बरं, नाही तं कोनी वाचत नाही."

डलहौसीला यमक काय जुळवावं, यावर मी अजून अडलेली आहे.